एकाच नावाची मतपत्रिका

ब्रॅकनेल, इंग्लंड, १८ मे २००४

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. (तुमचा नमस्कारावर विश्वास नाही, पण पत्र आईही वाचणार.) गुडघा कसा आहे? युनियनच्या मोर्चाला गेलात म्हणे, नीना सांगत होती. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं होतं, मोर्चाचं त्यांना बिचाऱ्यांना सुचलं नसेल.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

माझे घरमालक लायोश आजोबा. बुडापेस्टला कोर्टात कारकून होते, छप्पन्न साली रशियाविरुद्धचा उठाव चिरडल्यावर इकडे पळून आले. मागच्या पत्रात तुम्ही त्यांना ‘पळपुटा प्रतिक्रांतिवादी’ म्हणालात, ते मी त्यांना पत्र वाचून दाखवताना गाळलं. ते सांगतात, पंचेचाळीसच्या निवडणुकीत कम्युनिस्टांना शंभरात सतराच मतं पडली. पण रशियन फौज देशात बसलेली. तिच्या जोरावर कम्युनिस्टांनी गृहखातं मागून घेतलं आणि बाकीचे पक्ष सॉसेजसारखे चकतीचकतीने कापले. आज एक पुढारी, उद्या दुसरा, कोणाला फारसं दुखलं नाही. एकोणपन्नासला मॉस्कोच्या धर्तीवर नवी घटना आली, आणि मतपत्रिकेवर यादी एकच. “निवडायला काही नव्हतं,” आजोबा म्हणाले, “पण मत द्यायला मात्र जावंच लागायचं.”

तुम्ही म्हणाल, अमेरिकी प्रचार. असेल बुवा. मला मात्र आपलं जेवणाचं टेबल आठवलं. ‘लोकशाही पद्धतीने ठरवू’ म्हणून तुम्ही आईला, नीनाला आणि मला हात वर करायला लावायचात, आणि पचमढीची तिकिटं आधीच तुमच्या खिशात असायची. तेव्हा राग यायचा. आता तीच पद्धत मी तुमच्यावर वापरली.

पहिल्या पत्रात लिहिलं, घर बदललं. दुसऱ्यात, जेवण आजोबांकडेच. तिसऱ्यात, त्यांची नात मार्ता लायब्ररीत असते. तिन्ही बातम्यांवर तुमचा शेरा एकच, ‘ठीक.’ आता शेवटची चकती. शनिवारी मार्ताने आणि मी रजिस्टर लग्न केलं.

कुठल्याही जातीधर्माची चालेल, असं तुम्ही कायम म्हणत आलात. पण प्रतिक्रांतिवाद्याची नात चालेल का, हे विचारायची हिंमत झाली नाही. घाबरलो, बाबा. सह्यांच्या वेळी आजोबांनी तुमच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायला लावली. तिच्याकडे बघवेना.

सोबत मतपत्रिका आहे, आजोबांनी कारकुनी अक्षरात आखलेली. नाव एकच आहे, मार्ताचं. निकालही लागून गेलाय. तरी तुमचं मत पाहिजे, आणि ते द्यायला तुम्ही दोघांनी इथे यायला पाहिजे.

तोवर हात वर करून बसलेला,
तुमचा उदय