लोरेटाच्या बॅगेतलं माउथवॉश

११ जानेवारी, संध्याकाळ. हॉटेल, फ्लोरिडा.

खिडकीतून बंदर दिसतं असं सांगून खोली दिली. दिसते पेट्रोलपंपाची पाटी. असो. या सहलीत तक्रार करायची नाही असं ठरवलंय, म्हणून काउंटरवर दोनदाच गेलो.

उद्या जहाज. घरी ओहायोत गुडघाभर बर्फ, आणि आम्ही कॅरिबियनला. लोरेटा भलतीच खुशीत आहे. पिझ्झा खाताना तिने ती अट पुन्हा एकदा ऐकवली. म्हणाली, "नॉर्ब, गेल्या वर्षी बसच्या सहलीत तू गाइडशी भांडलास आणि मी अख्खी दुपार गॉगल लावून झोपेचं सोंग घेतलं. या वेळी मला चार लोकांत मान खाली घालायला लावलीस ना, तर पुढच्या जानेवारीत लग्नाचा चाळिसावा वाढदिवस मी जहाजावर साजरा करीन. तुझ्याशिवाय."

बायका असं बोलतात. चाळिसाव्याचं बुकिंग मी मनातल्या मनात केलेलंच आहे, दोघांचं.

आता गुपित. जहाजावर दारू नेऊ देत नाहीत आणि आत तिच्या नावाने लूट चालते. मी काही लुटून घेणाऱ्यातला नाही. माउथवॉशच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्या, आतलं सिंकमध्ये ओतलं, पांढरी रम भरली. वरून खायचा हिरवा रंग, लोरेटाच्या नाताळच्या बिस्किटांतला उरलेला. दोन थेंब पुरतात म्हणे. मी बाटलीभर टाकला. काम करायचं तर चोख.

बाटल्या लोरेटाच्या बॅगेत ठेवल्या आहेत. तिच्या हँडलला चर्चच्या घंटावादन मंडळाची निळी फीत बांधलेली असते. त्या बॅगेवर कोण संशय घेणार? तिला अर्थात सांगितलेलं नाही. तिला कळलं तर तिचा चेहरा सगळं बोलून टाकेल. आयुष्यात दारूला न शिवलेली बाई.

१२ जानेवारी, सकाळ. बंदराच्या रांगेत.

माणसं म्हणायची म्हणून माणसं. निम्म्यांच्या शर्टावर पोपट, उरलेल्यांच्या शर्टावर मजकूर. आमच्या पुढे आर्कान्सातलं अकरा जणांचं टोळकं. सगळ्यांच्या अंगात गुलाबी टी-शर्ट, छातीवर "डार्ला साठीची झाली, जहाज सांभाळा". डार्ला स्वतः प्लास्टिकचा मुकुट घालून. तिच्या नवऱ्याचं नाव स्कूटर. माणसाचं नाव! एकतीस वर्षं मी ओहायोत ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. नारिंगी शंकू पाडला की नापास, मग तो पाद्री असो की फायर ब्रिगेडवाला. पण स्कूटरशी हस्तांदोलन करायची वेळ कधी आली नव्हती.

स्कूटर म्हणाला, "काय भाऊ, पहिलीच खेप वाटतं? आमची पंधरावी!" मला! मी थंडपणे सांगितलं, दुसरी. नऊ वर्षांपूर्वी चार रात्रींची केली आहे. त्यातल्या तीन मी बाथरूमच्या फरशीवर काढल्या, हे सांगायची गरज वाटली नाही.

त्याने माझ्या जाड कॉर्डरॉयच्या पँटकडे पाहिलं. म्हणाला, "मोठ्या बॅगा आता हमालाकडे द्यायच्या, त्या केबिनवर यायला संध्याकाळ होते. पोहायची चड्डी हातातल्या पिशवीत ठेवलीस ना?" मी म्हणालो, अनुभवी माणूस पहिल्या दिवशी पोहत नाही.

चड्डी मोठ्या बॅगेत आहे.

हमालाने बॅगा नेल्या. निळी फीत पट्ट्यावरून डुलत आत गेली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मूर्ख लोक.

१२ जानेवारी, दुपार. नववा मजला.

केबिन तयार नाहीत, तोवर जेवा म्हणतात. म्हणजे तीन हजार माणसं पाठीवर पिशव्या घेऊन एकाच वेळी बुफेवर. एका गृहस्थाच्या ताटात कोलंबी, लाझान्या आणि त्यावर केकचा तुकडा. मनातल्या मनात नापास केला.

मी ठरवलं होतं, एकदाच वाढून घ्यायचं. दुसऱ्यांदा गेलो ते पाहणी करायला. तिसऱ्यांदा गेलो कारण पाहणीत पॅटी-मेल्ट सँडविच नीट दिसलं नव्हतं.

लोरेटा डार्लाच्या टेबलावर जाऊन बसली. कशासाठी, देव जाणे. दोघी हसत होत्या. मी रात्रीच्या जेवणाचं आधीच सांगून ठेवलंय, दोघांचं वेगळं टेबल. जहाजवाले अनोळखी लोकांबरोबर मोठ्या टेबलावर बसवतात आणि मग आठवडाभर त्यांच्या नातवंडांचे फोटो बघावे लागतात. लोरेटा म्हणाली, "मला आवडतात नातवंडांचे फोटो." तिला आराम हवाय हे तिला कळत नाही. मला कळतं.

१२ जानेवारी, दुपारीच. केबिन.

आमची केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. मीच निवडली. खिडकी अंधाराला घाबरणाऱ्यांसाठी असते. टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढचा समुद्र सतत दाखवतात. खिडकीपेक्षा चांगलं, बंद करता येतं. लोरेटा बराच वेळ टीव्हीकडे पाहत बसली. भारावली असावी.

शेजारी कोण? स्कूटर. त्यांनी दारावर लोहचुंबकांनी फ्लेमिंगो चिकटवलेत, माळा लावल्यात, मध्ये डार्लाचा शाळेतला फोटो. सगळी दारं सारखी, म्हणून आपलं ओळखू यावं यासाठी लोक असं नटवतात म्हणे. ज्याला स्वतःचा नंबर लक्षात राहत नाही त्याने घराबाहेर पडू नये.

मी मघाशी दुसऱ्याच दारात पाच मिनिटं कार्ड घासत होतो. आतून एक बाई ओरडली. कार्डातच दोष असणार. शेजारच्या फ्लेमिंगोच्या खुणेवरून परत आलो.

माझी बॅग आली. लोरेटाची नाही. म्हणाली, "चर्चचं स्वेटर घालून जीव शिजतोय रे." मी तिला धीर धरायला सांगितलं. जड बॅगा मागाहून येतात.

१२ जानेवारी, जहाज सुटायच्या सुमारास. डेकवरचा एक कोपरा.

घडलं ते असं. केबिनमधला फोन वाजला. लोरेटाने घेतला. पहिल्या मजल्यावर सुरक्षावाल्यांच्या खोलीत यावं, तुमच्या बॅगेबद्दल थोडं विचारायचंय. लोरेटा म्हणाली, "माझ्या बॅगेत काय असणार? नॉर्ब, चल ना माझ्याबरोबर."

मी शांतपणे विचार केला. दोघं गेलो तर दोघं अडकणार. एकाने बाहेर राहणं केव्हाही शहाणपणाचं. शिवाय तिला काही माहीतच नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला कसली भीती? म्हणजे तिला न सांगून मी तिचं संरक्षणच केलं होतं. मी म्हणालो, तू हो पुढे, मला आपत्कालीन सूचना वाचायच्यात. आणि ती वळताच जिन्याने बाराव्या मजल्यावर आलो.

इथे सगळे नाचताहेत. एका ओळीत, टाळ्या वाजवत. मी एका खुर्चीच्या मागे उभा आहे. खुर्च्या सगळ्या टॉवेल टाकून अडवलेल्या. हा लोकांचा निलाजरेपणा. पाय कॉर्डरॉयमध्ये उकडून निघालेत. चड्डी बॅगेत, बॅग केबिनमध्ये, आणि केबिनमध्ये आत्ता जाणं योग्य नाही.

बाटल्या पकडल्या नसतीलच. रंग अगदी पुदिन्याचा जमला होता.

१२ जानेवारी, त्याच जागी, थोड्या वेळाने.

पकडल्या.

स्कूटरने सांगितलं. तो खालीच होता, डार्लाची इस्त्री पकडली म्हणून. आगीच्या भीतीने इस्त्री आणू देत नाहीत, हे पंधरा वेळा जहाजावर आलेल्या माणसाला माहीत नाही! मी हे त्याला ऐकवणार होतो, पण तो हसून हसून इतका वाकला होता की मध्ये बोलता येईना.

म्हणाला, "भाऊ, तू नव्हतास म्हणून सांगतो. त्या खोलीत एक अख्खं शेल्फ भरलंय माउथवॉशने. तो अधिकारी कंटाळलेला बिचारा. तुझ्या बायकोला म्हणतो, मॅडम, हे काय आहे? ती म्हणते, माउथवॉश. तो म्हणतो, मॅडम, सगळे हेच म्हणतात. तशी ती अशी तापली! म्हणाली, साहेब, मी दर रविवारी चर्चमध्ये घंटा वाजवते, माझा नवरा रागीट आहे, तुसडा आहे, पण असली चोरी करायचा नाही. आणि झाकण उघडून तिने सगळ्यांसमोर भला मोठा घोट घेतला आणि मान वर करून गुळण्या करायला लागली."

मी विचारलं, मग?

"मग थांबली. गाल फुगलेले. डोळ्यांत पाणी. थुंकायला जागा नाही. बिचारीने गिळलं."

मी विचारलं, रांगेत किती लोक होते. तो म्हणाला, "आमच्यासारखे वीसेक. पण कोणी हसलं नाही रे. मीसुद्धा आत्ताच हसतोय." मग तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "अधिकाऱ्याने विचारलं, मॅडम, ही कुणाची? तिने झाकण परत लावलं. मग म्हणाली, माझी. खाली बघून म्हणाली, माझीच आहे."

मला हे आवडलं नाही. म्हणजे तिने खोटं बोलायला नको होतं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१२ जानेवारी, जेवणाच्या वेळी. दोघांचं टेबल.

दोघांच्या टेबलावर मी एकटा. रोजनिशी सोबत आणली ते बरं झालं.

केबिनमध्ये भेटली तेव्हा ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. नुसतं आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढून पाहत होती. जीभ हिरवी. दातही हिरवे, गवत खाल्ल्यासारखे. घासून घासून निघेना. म्हणाली, "बिस्किटांचा रंग मी ओळखते, नॉर्ब." मग म्हणाली, "फोन आला तेव्हा तुला माहीत होतं ना?" मी म्हणालो, मला अंदाज होता. ती म्हणाली, "आणि तू मला एकटीला पाठवलंस." या वाक्यावर मी मान वळवली. त्या वेळी टीव्हीवर समुद्र चांगला दिसत होता.

आता ती पलीकडे, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर, डार्लाच्या टोळक्यात. मला वाटलं होतं तोंडासमोर रुमाल धरून बसेल. आधी बसलीही होती तशी. मग डार्लाने वेटरला बोलावून काहीतरी सांगितलं आणि अकरा ग्लास आले, गडद हिरव्या सरबताचे. सगळ्यांनी ते गटागटा संपवले आणि जिभा बाहेर काढल्या. साठीची बाई, मुकुट घालून, जीभ बाहेर! स्कूटरने तर काट्याने आपले दात वाजवून दाखवले. आणि लोरेटा हसली. रुमाल बाजूला ठेवून, सगळे हिरवे दात दाखवत. तिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना. वाईट वाटलं. सूप गार होतं म्हणून.

स्कूटरने हात करून बोलावलं. "ए शेजारी, ये की! जागा करतो." मी मान हलवून नाही म्हटलं. माझी जीभ पांढरी. त्यांच्यात ती विचित्र दिसली असती. शिवाय माझं टेबल राखीव आहे.

त्यांच्याकडे नातवंडांचे फोटो फिरताहेत.

ठराव: उद्या सकाळी लोरेटाची माफी मागायची. थोडक्यात. चूक रंगाच्या प्रमाणाची होती हे आधी स्पष्ट करून.

१३ जानेवारी, सकाळ. समुद्रात. केबिन.

उठलो तर लोरेटा नाही. अंधार. टीव्ही लावला तेव्हा सकाळ झाल्याचं कळलं.

ती नाश्ता करून आली. जीभ बरीचशी गुलाबी. माफी तयारच होती, पण आधी तीच बोलली. म्हणाली, "पाचव्या मजल्यावर पुढच्या वर्षीच्या सहलींचं बुकिंग घेतात, तिथे जाऊन आले. पुढच्या जानेवारीचं केलं. चाळिसाव्याचा आठवडा."

मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, शेवटी बाई माझीच. मी म्हणालो, या वेळी हवी तर खिडकीवाली केबिन घे, माझी हरकत नाही.

"खिडकीवालीच घेतली," ती म्हणाली. "बाल्कनी आहे. डार्ला, तिच्या दोन बहिणी आणि मी."

मी विचारलं, मग मी कुठे झोपणार?

ती माझ्या शेजारी बसली. माझा हात हातात घेतला, आजाऱ्याचा घेतात तसा. म्हणाली, "घरी, नॉर्ब." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग स्विमिंगचा पोशाख घेतला आणि गेली. बाहेर फ्लेमिंगोच्या दारावर तिने टकटक केलेली ऐकली.

ठीक आहे. एक वर्ष आहे अजून, बायकांचं मन बदलतं. नाही बदललं तरी मला एकट्याने राहायला काही अडचण नाही. घरात शांतता असेल. कोणाशी वाद नाही. वेळेवर जेवेन, वेळेवर झोपेन.

फक्त कॉफीच्या मशीनमध्ये पाणी कुठून ओततात, ते तिला विचारून ठेवायला हवं.