बँकेत तळे, सोसायटीत हेला

गोरेगावजवळून, दिवाळीनंतरचा बुधवार, १९५८

तीर्थरूप केवळरामजी मेहुणे यांना तुमच्या घरच्या धाकट्या जावयाचा, परसरामचा, वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा वाकलो असे समजावे.) दरेकशाला थंडी पडली असेल. तुमचा खोकला कसा आहे? सुलोचनावहिनींचा गुडघा? जनावरे सुखरूप आहेत ना? विशेषकरून जनावरे. तुमची बहीण गंगा अगदी मजेत आहे, आणि का असू नये? तिच्या पुढ्यात नवी कोरी शिलाई मशीन आहे! होय जी, मशीन! पायाने चालवायची! तुम्ही आमच्या लग्नात भर पंगतीत म्हणाला होता, की या माणसाच्या हातून काही व्हायचे नाही. आता बोला!

गंगा लग्नाआधी फुलचूरच्या मावशीकडे मशीन शिकली, हे तुम्ही जाणताच. इकडे आल्यापासून मात्र सारे सुईदोऱ्यावर. बाजारातला शिंपी पोळ्याला कापड घेतो आणि होळीला परत करतो, तेही एक बाही आखूड. म्हणून गावातल्या बाया झंपराचे कापड गंगाकडेच टाकतात. एक दिवस भात वाढताना तिने बोटे पदराखाली लपवली. पाहतो तर सुईने पार चाळण झालेली. खरे सांगतो मेहुणे, मी तिथेच ताट बाजूला सारले. मशीन आणायचीच, असे मी ठरवून टाकले.

पैसा काढायचा तर बँकेतून, ऐटीत, म्हणून लग्नातला कोट घालून आणि सोबत पायलीभर चिन्नोर तांदूळ बांधून गोंदिया गाठले. दारात बंदूकवाला. मी चपला बाहेर काढल्या (देवळात काढतो, इथे तर पैसा आहे), तर तो माझ्या पायांकडेच बघत राहिला. आत कारकुनाने विचारले, "जमानत में क्या दोगे?" मी छाती काढून सांगितले, "तळं!" आता तुम्हाला काय सांगायचे, आमच्या खापरपणजाने बांधलेले तळे ते, त्याच्या पाण्यात आमचा वाटा आहे, पंचक्रोशीत त्याहून मोठी चीज आम्हा लोकांपाशी दुसरी नाही. कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला बोलावले. दोघांनी मॅनेजरसाहेबांना बोलावले. साहेबांनी चष्मा काढून विचारले, "भाई, तालाब तिजोरी में कैसे रखेंगे?" मी समजावले, की उचलून आणायची गरज नाही, साहेबांनीच श्रावणात येऊन तळ्याच्या पाळीवर, बांधावर, बसावे, डोळे भरून पाणी पाहावे, मासळी मी चारतो. ते बिचारे ऐकत होते. मग म्हणाले, उन्हाळ्यात पाणी किती राहते? मेहुणे, मी खोटे बोलत नाही हा माझा मोठाच दोष. सांगितले, होळीपर्यंत बरे असते, पुढे चिखल. माझे कर्ज त्या चिखलातच रुतले. सोने असेल तर या, नाहीतर गिरणीवाल्या शेठांसारखा गोदामात माल दाखवा, म्हणाले. तांदूळ तिथेच बाकावर विसरलो, ते वेगळेच.

मग आपली गावची सहकारी सोसायटी. तिथे बंदूक नाही, बाक नाही, सतरंजीवर सभा. माझ्या घरात कोंबड्या किती हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक, तेव्हा तारण कोण मागतो? पण नियम असा, की एकाने बुडवले तर सगळ्यांनी भरायचे. त्यामुळे प्रत्येक सभासद माझा सासरा झाला! एक म्हणतो, "काऊन गा, मागच्या शंकरपटात बैलांच्या शर्यतीवर पैसे कायले लावले होते?" दुसरा म्हणतो, "बिडी सोडतोस का, बोल." बकारामने तर विचारले, "बायकोले पुसलं का?" (त्याच्या घरी पुसल्याशिवाय पाणीही पीत नाहीत.) मग जामिनाची वेळ आली. एक गोवर्धन उभा राहिला, तो माझा मित्रच. दुसरा कोणी उठेना. आणि उठला कोण? टिकाराम! बांधाच्या भांडणापासून तो माझ्याशी बोलत नाही. तो मान वळवून पंचांना म्हणाला, "मी याच्यासंगं बोलत नाही जी, पण हा बुडवणारा नाही. लिहा माझं नाव." माझे डोळे भरून आले हो. बाहेर आल्यावर त्याला राम राम केला, तर तो बोलला नाहीच.

पैसे हातात पडताच गोंदियाला गेलो, मशीन घेतली, खाचरावर चढवली आणि गाडीवानाला सांगितले, आधी बँकेवरून घे. उलटी वाट होती, तरी घेतली. दारातल्या बंदूकवाल्याला मी उभा राहून सलाम ठोकला. त्यानेही केला. गंगाने मशीन पाहिली आणि आधी हसली, मग रडली, मग मलाच ओरडली, की दोरा कोण आणणार होता? असा आनंद मी या घरात कधी पाहिला नव्हता. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायलाही हरकत नाही.

आपला विजयी,
परसराम

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. सोसायटी फक्त शेतीसाठी पैसा देते. सभेत अध्यक्ष उदारामजींनी विचारले, "कायले पाहिजे?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "हेल्यासाठी." आता येत्या सोमवारी पंच नांगराचा नवा रेडा, म्हणजे तो हेला, पाहायला येऊन राहिले आहेत. हेला दिसला नाही तर सारा पैसा एकदम परत, म्हणजे मशीन गेलीच. गावात अजून कोणाला पत्ता नाही. मशीन मी भाताच्या तणसाखाली झाकून आणली. गंगालाही यातले काही माहीत नाही, तिला सांगू नका. तुमच्या जोडीतला मोठ्या शिंगांचा हेला रविवारपर्यंत पाठवा. धुऊन पाठवा, नवा दिसला पाहिजे. हात जोडतो.

ता. क. दादा, मी गंगा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. हेला पाठवू नकोस. मशीन सुरू केली की आवाज चावडीपर्यंत जातो, आणि बाया तर रोज झंपरे घेऊन येतात. उदारामजी दिवाळीआधीच घरी आले होते. मी मशीन दाखवली, हप्ता मी भरीन म्हटले. ते हसून म्हणाले, "बाई, आम्ही सारे जामीन, आमच्यापासून काय लपते?" सोसायटीच्या बियाण्याच्या पिशव्या मी शिवून द्यायच्या, म्हणजे मशीन शेतीचीच, असे पंचांनी ठरवून टाकले आहे. सोमवारची पाहणी नुसती गंमत आहे, टिकारामभाऊंनीच सुचवली. आमचे हे रोज पहाटे उठून जनावरांचा कोठा झाडतात, हेल्यासाठी हिरवा चारा कापून ठेवतात, नवी दावणसुद्धा केली. लग्नापासून आमचा कोठा एवढा लख्ख मी पाहिला नव्हता. वहिनीच्या झंपराचे माप पाठव. आणि यांना उलट टपाली एवढेच कळव, की हेला निघाला आहे. अजून कोठ्याची मागची भिंत सारवायची राहिली आहे.