लेक माझी, केल्विन तुझा

प्रिय अक्का,

तुझं दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले आणि आज सकाळी मुक्ताने बॅग भरायला घेतली. "मी रोह्याला मावशीच्या घरी राहणार. तिच्या क्लासची अकरावीची पोरं वायूच्या गणितांत अर्ध्यावर अडकलीत." मला विचारलं नाही, सांगितलं! म्हणून लिहायला बसले. माझं भांडण तुझ्याशी आहे आणि तू उत्तर द्यायला नाहीस. असली एकतर्फी सभा मला मुळीच आवडत नाही.

रोह्यात तू क्लास काढलास तेव्हा मीच सगळीकडे सांगत फिरले होते. धाटावच्या रसायन कारखान्यांत शिफ्टमध्ये राबणाऱ्यांच्या मुलांना रसायनशास्त्र आलंच पाहिजे, नाहीतर तीही जन्मभर पिंपंच उचलतील! बोलले मी, शिकवलंस तू. इथवर ठीक होतं. पण त्या बाकावर माझी मुलगी कधी येऊन बसली गं?

मुक्ता तेव्हा अकरावीत होती. दर रविवारी पेणहून एसटीने तुझ्याकडे यायची. एकदा मी तिला न्यायला आले, तर फळ्यावर गणित: तीनशे मिलिलिटर वायू, तापमान सत्तावीस अंश. दाब तोच ठेवून चोपन्न अंशांपर्यंत तापवला, तर आकारमान किती?

"सहाशे!" सगळा वर्ग ओरडला. माझी हुशार लेकसुद्धा!

"दुप्पट कशावरून?"

"तापमान दुप्पट झालं ना, बाई!"

"पाणी गोठतं तिथे आपण शून्य धरलं. वायूला विचारलंय का कुणी? त्याचं शून्य दोनशे त्र्याहत्तर अंश खाली. तिथून मोजा बघू."

मग तीनशे आणि तीनशे सत्तावीस केल्विन आले आणि उत्तर तीनशे सत्तावीस मिलिलिटर. एवढ्यात पुढच्या बाकावरची नसीम उठली. तिचे वडील आखातात नोकरीला. "बाई, अब्बांकडे पंचेचाळीस असतं. म्हणजे तीनशे अठरा? मग अब्बा शिजत कसे नाय?"

वर्ग लोळला. मुक्ता हसत हसत तुझ्या खांद्यावर कोसळली. मी दारात उभी होते. माझ्या खांद्यावर ती शेवटची कधी कोसळली होती, ते मला आठवेना.

त्यानंतर काय विचारतेस! एखादं गणित अडलं की ही पळाली एसटीडी बूथवर, मावशीला फोन लावायला. मी घरात पुस्तकांची कपाटं भरून ठेवली. जगातल्या क्रांत्या तिच्या हाताशी होत्या. तिने उचललं काय? तुझं एकक! जेवताना मी म्हणाले, "तुझ्यासाठी मी किती केलंय, ठाऊक आहे?" तर म्हणते, "किती? एकक लिही, नाहीतर मार्क नाहीत."

आणि धरमतरची ती सभा! मिठागरातले कामगार समोर, मी रंगात आलेली. "जितका दाब वाढवाल, तितके आम्ही वायूसारखे पसरू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मात्र तुम्ही दोघी तोंडावर पदर आणि ओढणी धरून खिदळत होतात. सभा संपल्यावर तू हळूच म्हणालीस, "शैले, दाब वाढला की वायू आकसतो गो. पसरतो तो तापवल्यावर."

"आई बॉईलच्या नियमात नापास!" मुक्ता म्हणाली.

"माणसं म्हणजे वायू नव्हेत!" मी कडाडले.

"मग उदाहरण वायूचं कशाला दिलंस?" तू.

मैदानात माझं भाषण खोडायची कुणाची हिंमत झाली नव्हती. तू चपला शोधता शोधता खोडलंस!

शेवटी मी तुला थेट विचारलं होतं. "माझ्या पोरीला काय खायला घालतेस गो, तिचा पाय निघत नाय तो?" तू हातावरचा खडू झटकत म्हणालीस, "काय नाय. इथे ती चुकते. तुझ्यापुढे चुकायला घाबरते."

थोडं खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, अक्का? मी धाकटी ना तुझी?

बी.एस्सी. झाल्यावर ती माझ्यासोबत गावोगावी फिरेल, माझ्यानंतर व्यासपीठावर उभी राहील, असं मी ठरवून बसले होते. तू झोपेतच गेलीस, आणि रडता रडता माझ्या मनात काय आलं असेल? आता तरी पोरगी माझी! आणि ही बघ, निघाली तुझ्याच फळ्याकडे. जिवंतपणी रविवारच नेत होतीस, आता सगळा आठवडा?

मघाशी मी तिला समजवायला सुरुवात केली. समजवायला म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. तिने मध्येच थांबवलं. "आई, जा म्हणतेस की नको? एका शब्दात सांग." मला एका शब्दात बोलता येत नाही, म्हणून आत येऊन ही पानं भरली. ती बाहेर चपला घालून उभी आहे. गागोद्याच्या बायांना मी गेल्याच महिन्यात ओरडून सांगितलं होतं, मुलींना उंबऱ्यात अडवू नका! आता मीच हिला अडवलं, तर त्यांनी माझी पुढची सभा उधळायला हवी.

उठते आता. 'जा' म्हणते.

तुला वचन देते, तुझ्या क्लासच्या दारात मी भाषण करणार नाही. फळ्यापुढे ती चुकली, पोरं हसली, तरी तोंड उघडणार नाही. पण एक दिवस ती तुझ्यापेक्षा चांगलं शिकवू लागली ना, तर धाटावच्या फाट्यापासून रोह्याच्या स्टँडपर्यंत ओरडत सुटेन. आणि ते खोडायला तुला येता येणार नाही!

तुझ्यावर अजूनही जळणारी,
शैला
पेण