वरची हवा, खालची हवा

सर, तुमच्या आलेखातली चढती रेघ खरी आहे, पण तुम्ही समजलात तिथली ती नाही. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर ते माझ्या वाट्याला आलं, याचा मला रागच येतो.

संस्थेची गच्ची, पहाट, बोचरा वारा. तुम्ही मफलर गुंडाळून यंत्राची काच पुसताय. सूर्य क्षितिजाशी असला की उजेड वरच्या हवेतून तिरका, लांबचा रस्ता कापत येतो. वाटेत नायट्रोजन डायऑक्साइड त्यातले काही रंग गिळतो आणि उरलेल्या उजेडावरून आपण तो वायू मोजायचा. म्हणून रोज पहाटे आणि रोज दिवेलागणीला तुम्ही गच्चीवरच. एकदा मला उशीर झाला, तेव्हा वळूनही न बघता म्हणालात, "सूर्याकडे रजेचा अर्ज दिला होतात का?" मी जिन्यात जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही स्वतःचा थर्मास माझ्या हातात दिलात, चहासकट.

वायू वर्षागणिक वाढत होता. उंचावरच्या थरांत काहीतरी बदलतंय, असं तुम्ही मांडलंत, आणि त्यावर तुमचं नाव झालं. आपण सगळे आभाळाकडे बघत बसलो आणि गच्चीखालच्या रस्त्यावर रिक्षा, ट्रक, स्कूटर वाढत गेल्या. आता नव्या यंत्रानं वरचं आणि खालचं वेगळं करून दाखवलंय. वर फारसं काही हललंच नव्हतं, वाढला होता तो रस्त्याचा धूर. तोच धूर तुम्ही रोज दोन वेळा छातीत भरून घेत होतात. शेवटी खोकून खोकून गेलात.

हे छापण्याआधी काकूंना सांगणं भाग होतं, म्हणून काल विश्रांतवाडीला तुमच्या घरी गेले. त्या मेथी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दिवेलागणीला ते कधी घरी नव्हते गं. कशासाठी नव्हते, एवढं तरी माझ्याकडे राहू दे."

"काकू, आकडे खरेच आहेत त्यांचे."

"आकडे घेऊन मी काय करू?" म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

दुरुस्तीचा लेख आज सकाळी मी पाठवून दिला. हे पत्र कुठं पाठवणार! तुम्ही असता, तर तो लेख तुमच्यासमोर ठेवायची माझी छाती झाली नसती. तुम्ही गेल्याचं दुःख मी आजवर मनापासून केलं, सर. आज पहिल्यांदाच, तुम्ही नाहीत म्हणून बरं वाटलं.