तिळातला भंडारा

उस्मानपुरा, औरंगाबाद

तीर्थस्वरूप केरबामामा यांना,

फुलंब्रीच्या दिशेनं हात जोडून मल्हारीचा नमस्कार. तुमचा गुडघा, सुगंधामामीचा दमा आणि म्हशी, सगळं ठीक असेल. (म्हशींचं शेवटी विचारलं म्हणून राग मानू नका.) पत्राला उशीर झाला, कारण कारखान्यातला पुंडलिक विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला जातो आणि त्याची ड्यूटी मी करतो. ते काम मी खुशीनं करतो.

मागं तुम्ही आमचा चिकलठाण्याचा कारखाना बघायला आलात आणि परदेशी निघालेली पांढऱ्या तिळाची पोती बघून तुमचा ऊर भरून आला. भाच्याच्या हातचा माल समुद्रापार जातोय म्हटल्यावर तुम्ही खिशातून साताऱ्याच्या खंडोबाचा भंडारा काढलात. पोत्याला कपाळ नसतं, म्हणून तोंड शिवायच्या आत सरळ तिळावरच उधळलात. मीही मोठ्यानं येळकोट म्हणालो. तेव्हा ते बरोबरच वाटलं होतं.

आता पुढचं ऐका. खाण्याच्या मालासाठी म्हणे देशोदेशीच्या लोकांनी बसून नियम केलेत, की पोत्यावर लिहिलंय तेच आत पाहिजे, दुसरं काही नको. तिकडच्या बंदरात पोती उघडली, तर तीळ पिवळे. तपासणाऱ्यानं लिहिलं, जुना माल लपवायला रंग घातलाय. मामा, आपल्या देवाचा भंडारा कागदावर भेसळ ठरला. सगळा माल परत आला. तीळ निवडणाऱ्या भामाबाई आणि बाकीच्या बाया आठवडाभर तो चाळत शिंकत होत्या (आणि प्रत्येक शिंकेला तुमची आठवण काढत होत्या). मी या महिन्यात नोकरीत कायम होणार होतो, तेही लांबलं.

साहेबांनी बोलावलं. मी सांगितलं, मामांनी श्रद्धेनं टाकलं. साहेब स्वतः देवभोळे, त्यांनी आधी खंडोबाला हात जोडले. मग म्हणाले, "श्रद्धा व्हती, ते खरं. पण तिकडं कुणी आई हे तीळ लेकराच्या तोंडात घालणार. आत काय हाय, ते तिला कळाया नको?"

तुमच्यावर राग नाही, मामा. पुन्हा जरूर या. भंडारा मात्र माझ्या कपाळाला लावा.

तुमचा भाचा,
मल्हारी

ता. क. तुमची भाचेसून बानाबाई बाळंत झाली. मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आणखी एक ता. क. एवढं लांबण लावलं ते यासाठी. बाळंतिणीला तुम्ही तूप पाठवणार, असा मामीचा निरोप आला. तेवढं घरच्या बरणीतलं पाठवा. बाजारात विकायच्या तुपाच्या डब्यात तुम्ही डालडा घालता, हे मामीला ठाऊक आहे आणि मलाही.

शेवटचं. वरचं लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली. मामा, तुमच्या डब्यावर शुद्ध तूप असं लिहिलंय, आणि तो डबाही कुणाच्या तरी बाळंतिणीच्याच घरी जातो.