तितोच्या ताटात काय वाढायचं?

११ जून, मंगळवार
आज खोटं बोलले. तितोच्या, माझ्या मामाच्या, फोटोसमोर उभं राहून, तितोबद्दलच!

काल दुपारी तो गेला. कामावर गेला तो तिथूनच गेला. आज संध्याकाळी जपमाळ संपल्यावर आईने आतांग मांडलं — गेलेल्याचा वाटा. भात, उकडलेलं अंडं, पेलाभर उसाची दारू, सिगारेट. शेजारच्या लुझ मानांगने, सगळ्यांच्या थोरल्या ताईने, सहज विचारलं, ‘‘तुझ्या तितो सेवेरिनोला आवडायचं काय गं? नवव्या दिवशी तेच मांडायचं असतं.’’ सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. बाबा गेल्यावर या मामानेच आम्हा दोघा भावंडांना आणि आईला फिलिपिन्समधल्या लाओआगहून इथे हवाईत आणलं, वाढवलं, मला फार्मासिस्ट केलं. मी त्याची लाडकी. सगळ्या वायपाहूला माहीत आहे.

मी पटकन म्हणाले, ‘‘अडोबो.’’

अडोबो मला आवडतो.

१२ जून
सकाळपासून एकेकाला विचारतेय, चोरून चोरून. माझा भाऊ रॉडेल म्हणाला, ‘‘तळलेली कोंबडी. आठव ना, हाडं कशी चोखायचा!’’ अरे गाढवा, मांस तुझ्या ताटात टाकायचा म्हणून हाडं चोखायचा. आई म्हणाली, ‘‘पान्सित.’’ पान्सितच्या शेवया तर आईचा जीव की प्राण.

तितो नेहमी शेवटी जेवायचा. पातेल्याला लागलेला करपलेला भात खरवडून घ्यायचा. ‘मला हाच आवडतो’ म्हणायचा, आणि आम्ही मान डोलावून मोकळे. त्याच्याच घरात राहिले मी. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं मला तोंडपाठ आहेत, आणि याला काय आवडतं ते माहीत नाही. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१३ जून
लाओआगला मोठ्या मावशीला फोन लावला. म्हटलं, तिला तरी ठाऊक असेल.

‘‘मला विचारतेस?’’ ती म्हणाली. ‘‘मिसरूड फुटायच्या आत विमानात बसवला त्याला आम्ही. जन्म तुमच्यात काढला त्याने. तुम्हीच सांगायचं मला.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘ऐक जोव्हेलिन. नवव्या दिवसानंतर तो इथला राहत नाही. माझ्या भावाला उपाशी पाठवलंस तर बघ.’’ आणि फोन ठेवला.

मी नाही मानत हे सगळं, असं कॉलेजात असताना तितोलाच ऐकवायचे. आता रात्री झोप येत नाही. उपाशी म्हणजे काय, तो तर जन्मभर तसाच होता.

१४ जून
लुझ मानांगने अडोबोला कोंबडी आणू की डुक्कर, विचारलं. खरं सांगायला तोंड उघडलं. ‘‘डुक्कर,’’ म्हणाले.

१५ जून, शनिवार
हॉटेलच्या धुलाईखान्यातले त्याचे सोबती आले. चादरींच्या वाफेत उभं आयुष्य काढलेली माणसं, इस्त्रीचे शर्ट घालून. त्यातला बेनी माझा हात धरूनच बसला.

‘‘तूच ना ती? तुझ्या हातचा डबा! आम्ही वासावरच अर्धं जेवायचो. कारल्याचा पाला घातलेले मूग, वर सुकी मासळी. झाकणसुद्धा पुसून खायचा गडी. मागितलं तर म्हणायचा, नाही देणार, माझ्या पोरीने केलंय.’’

मी आयुष्यात त्याचा डबा भरला नाही. एकदाही नाही. आणि कारलं? लहानपणी कारल्याच्या वासाने मी ताट फेकलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात कारलं शिजलेलं नाही. तितोनेच सांगितलं होतं आईला — नको करू, पोरीला त्रास होतो.

बेनीला म्हणाले, ‘‘थँक्यू.’’ काय मेलं थँक्यू! त्याने दिलेलं कौतुकही गिळून टाकलं मी.

१६ जून
फादर्स डे. घराबाहेर पडले नाही.

१७ जून, सोमवार
मूग मी केले. पाला कडूजहर झाला, मूग अर्धकच्चे. रॉडेलने घास तोंडात घेतला आणि सिंकपाशी पळाला. उद्या नववा दिवस. रडू आलं, तशीच पातेलं घासत उभी राहिले.

आई मागे येऊन थांबली. म्हणाली, ‘‘कोन्सिंगला सांग करायला.’’

‘‘कोण कोन्सिंग?’’

‘‘बाजारात पालेभाज्या विकते ती. कोपऱ्यावर.’’

‘‘तिला का? डबा ती द्यायची?’’

आई एप्रनला हात पुसत राहिली, कितीतरी वेळ. ‘‘जा आणि सांग. नीट बोल तिच्याशी. आणि तिला म्हणावं, घरी ये.’’

गेले. बाई साठीच्या आसपास, हातात कोयता, पुढ्यात शेवग्याच्या जुड्या. मी कोण हे सांगायची वेळच आली नाही. ‘‘जोव्हेलिन,’’ ती म्हणाली, आणि जुडी खाली ठेवली. मी विचारलं, एवढे दिवस प्रार्थनेला का नाही आलात, मानांग? म्हणाली, ‘‘बोलावल्याशिवाय कशी येणार बाळ? मी कोण तुमची?’’

भाजीवाली आहे, मैत्रीण असेल त्याची, असं मनाशी म्हणत घरी आले. लुझ मानांगला मात्र सांगून टाकलं, अडोबो खोटा होता. ती म्हणाली, ‘‘बाई गं.’’ बास.

१८ जून
कोन्सिंग मानांग आली. आईने तिला फोटोजवळ बसवलं, स्वतः मागे बसली. ताट कोन्सिंग मानांगनेच मांडलं. कुणाला काही विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. तीच बोलली. तू शिकून नोकरीला लागलीस की लग्न करायचं, असं ठरलं होतं आमचं. मग म्हणाला, पोरीला एकदा उजवू दे, त्याआधी तिला घरात परकं वाटायला नको.

गेल्या नाताळात, ताटावरून उठता उठता, मी त्याला ठणकावून सांगितलं होतं — मी लग्नबिग्न करणार नाही, तितो. आपण इथेच म्हातारे होऊ.

तो ‘बरं’ म्हणाला.