हिरवा दिवा पेटलाच नाही

१२ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार कागदावरच बरा, समोर असतास तर कान पिळला असता. माझा व्हिसा नाकारलाय. कारण काय, तर तुमच्या सीमानाक्यावरच्या संगणकाच्या मते मी ऑक्टोबरात तुमच्याकडे शिरले ती अजून बाहेरच पडलेली नाही! मग इथे स्वयंपाकघरात बसून हे पत्र कोण लिहितंय? माझं भूत? नव्वद दिवसांच्या वर राहिले म्हणून पाच वर्षं बंदी.

आठव, तीन नोव्हेंबर, मी परत निघाले तो दिवस. नेहमीसारखी रांग बदलून तुझ्याच खिडकीशी आले आणि शिक्का मागितला. तू सगळ्यांदेखत हसलास. म्हणालास, शिक्क्यांचे दिवस गेले, आता कॅमेरा चेहरा टिपतो, पळ, बस सुटेल. आणि मी मुकाट पळाले! आमच्या बाजूलाही शिक्का मारत नाहीत. इथल्या कचेरीत परत आल्याचा दाखला मागितला, तर म्हणे तीन महिने लागतील. बाबांचं हृदय तीन महिने थांबणार आहे का? वहिनी लिहिते की ते हट्टाला पेटलेत, मी आल्याशिवाय ऑपरेशन नाही म्हणतात.

जुना शिक्का तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मला माहीत आहे. पासपोर्ट सोबत पाठवतेय. तारखेचं चाक मागे फिरव आणि मार.

लोभाचं नंतर बघू.
ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मलाच राग आला. सव्वीस वर्षं त्या खिडकीत काढली आणि ही मला शिकवणार! तणतणत साहेबांकडे गेलो. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. तुझ्या आधीचा ट्रकवाला आहे, नंतरच्या मास्तरीणबाई आहेत. मधे तू नाहीस.

मग आठवलं. तुझा चेहरा टिपल्यावर हिरवा दिवा पेटलाच नव्हता. नाही पेटला तर पुन्हा टिपायचं, तरी नाहीच जमलं तर हातानं शिक्का मारायचा, असा नियम आहे. परक्याला थांबवलंच असतं. तू बहीण पडलीस. आमच्या ठमीला पुन्हा काय टिपायचं, म्हणून मीच फाटक उघडलं.

चाक फिरवलं, खोटं कशाला बोलू. तीन नोव्हेंबरवर आणलं. पासपोर्टच्या पानाचा तो डावा कोपरा काढला, जिथे सरळ मार, तिरका नको, म्हणून तू माझं डोकं खायचीस. पण हात खाली येईना. पकडलं गेलं असतं तर तुला जन्मभराची बंदी, आणि भीती माझीही होतीच. शेवटी साहेबांना लेखी दिलंय की चूक माझी आहे. पासपोर्ट परत पाठवतोय. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

आशीर्वाद आहेतच, शिव्या घाल खुशाल.
दादा

२७ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लेखी द्यायला कुणी सांगितलं होतं तुला? आता चौकशी तुझी! त्या कॅमेऱ्याची कुणी केली? त्याला कुणी विचारलं, की बाबा रे, दोन पायांवर चालत गेलेली बाई तुला दिसली कशी नाही? तो तिथेच ऐटीत बसणार आणि माझा भाऊ खाली मान घालून उभा राहणार. माझ्या डोक्यात नुसती तिडीक जातेय. मी तुझ्यावर चिडायचं, ते आता धड चिडताही येत नाही.

ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

बंदी उठली. व्हिसा आठवड्यात हातात पडेल. बाबांचं ऑपरेशन बावीस तारखेला ठरलंय, तू आलीस तरच. माझी बदली मालाच्या गोदामात झालीय. खिडकी गेली. यावर रडारड नको, ये.

दादा

४ मे

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप घरी पोचले. निघताना बाबांनी ऑपरेशननंतरच्या पथ्याच्या जेवणाला नावं ठेवली, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

तुझ्या खिडकीत एक तरुण मुलगी बसलीय. तिनं माझा चेहरा टिपला आणि जा म्हणाली. दादा, दिवा पेटला नव्हता! मी तिला दाखवला. ती म्हणाली की नोंद होते मागाहून आपोआप. मी म्हटलं, एकतर दिवा, नाहीतर शिक्का, त्याशिवाय मी इथून हलत नाही. पुन्हा टिपलं, तरी नाही. मागे रांग खवळली. एक बॅगवाला तर अंगावरच आला, म्हणे बस चुकतेय. मग मीही आवाज चढवला. या खिडकीत माझा भाऊ सव्वीस वर्षं होता आणि माझ्यामुळे आता कुठे आहे, सगळं सांगितलं. अख्ख्या दालनानं ऐकलं असेल.

तिनं ड्रॉवर उघडला. शाईची गादी वाळलेली, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं आणि मारला. पुसट आलाय, आणि तिरका. मी एक शब्द बोलले नाही.

फाटकातून बाहेर पडताना मागे वळून बघितलं. तोच बॅगवाला खिडकीशी पासपोर्टचं कोरं पान उघडून उभा होता.

लोभ आहे. राग त्याहून जास्त, पण तो आता तुझ्यावर नाही.

तुझी ठमी